ससा घेताना रंग पाहू नका. केस, चेहरा आणि कान पाहा

मा. संपादक,

सुट्टीत मुलांसाठी कोणता पाळीव प्राणी घ्यावा, यावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात सशाच्या वाट्याला चारच ओळी आल्या. दिसायला गोड, आवाज करत नाही, फिरायला न्यावे लागत नाही, गाजर खातो. शेजारच्या छायाचित्राखाली ‘अंगोरा ससा’ असे छापले होते. चित्रातल्या सशाच्या मानेभोवती आयाळ होती आणि पाठीवर आखूड केस होते. म्हणजे तो लायनहेड किंवा लायनहेडचा संकर, अंगोरा नव्हे. अशी चूक बाजारात रोजच होते. ती भोवते मात्र सशाला, कारण या दोन जातींची निगा अगदी वेगळी आहे.

ससा निवडताना लोक रंग बघतात. रंगाने पुढच्या आठ-दहा वर्षांत काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो केस किती लांब, चेहरा किती आखूड आणि कान उभे की पडके, यांनी. हाताळणीने आणि नसबंदीने स्वभाव पुष्कळ बदलतो. कवटीची ठेवण आणि केसांची जात जन्मभर तीच राहते. म्हणून जातींची तुलना आम्ही याच क्रमाने करत आहोत.

आपल्याकडे दुकानात दिसणारे बहुतेक पांढरे, लाल डोळ्यांचे ससे हे न्यूझीलंड व्हाइट किंवा त्याचे संकर असतात. नावात न्यूझीलंड असले तरी ही जात अमेरिकेत तयार झाली, तीही मांसासाठी आणि कातडीसाठी. पूर्ण वाढलेला ससा 4 ते 5 किलोचा होतो. त्याला ‘साधा ससा’ म्हणून नाक मुरडणारे खूप, पण आमच्या मते पहिल्यांदा ससा पाळणाऱ्यासाठी याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. स्वभाव शांत, चेहरा लांब असल्यामुळे दात सहसा सरळ, केस आखूड आणि दाट. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की काम झाले. लाल डोळ्यांचा ससा एका जागी बसून डोके डावी-उजवीकडे हलवतो, तेव्हा लोक घाबरतात. डोळ्यांत रंगद्रव्य नसल्यामुळे त्याला अंतर नीट कळत नाही. ते जोखण्यासाठी तो असे करतो. तो आजार नव्हे. डोके एका बाजूला कलून तसेच राहिले तर मात्र तो आजार आहे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

याच जातीची तीन-चार आठवड्यांची पिल्ले ‘ड्वार्फ’ किंवा ‘मिनिएचर’ म्हणून खपवली जातात. ओळखायचे वजनावरून. खरा नेदरलँड ड्वार्फ पूर्ण वाढल्यावरही साधारण एक किलोचा राहतो. अमेरिकी मानकात त्याची कमाल मर्यादा अडीच पौंड, म्हणजे सव्वा किलोच्याही आत आहे. त्याचे कान दोन इंचांपर्यंत, डोके गोल आणि धडाच्या मानाने मोठे. तीन महिन्यांचे पिल्लू दीड किलोच्या पुढे गेले असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, ते ड्वार्फ नाही. शिवाय तीन-चार आठवड्यांचे पिल्लू आईच्या दुधावरून तोडलेले असते. त्याचे आतडे गवत-पाल्यासाठी तयार झालेले नसते. घरी आणल्यावर आठवडाभरात हगवण लागून मरतात ती मुख्यतः हीच पिल्ले. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊच नये.

खरा नेदरलँड ड्वार्फ मिळाला तरी तो लहान मुलांसाठी नाही. तो चपळ, भित्रा आणि तापट असतो. उचलायला गेले की मागच्या पायांनी झटका देतो. त्याची खरी अडचण चेहऱ्यात आहे. सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे 2 ते 3 मिलिमीटर वाढतात आणि एकमेकांवर घासून झिजतात. जबडा आखूड झाला की वरचे आणि खालचे दात नीट जुळत नाहीत, झीज होत नाही, आणि दात तोंडाबाहेर वळतात किंवा टाळूत घुसतात. घेताना वरचा ओठ हलकेच बाजूला करून पाहा: वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असले पाहिजेत. समोरासमोर टेकलेले किंवा उलटे असतील तर ते पिल्लू जन्मभर दर काही आठवड्यांनी दवाखान्यात जाणार. वाढलेले दात नखे कापायच्या कटरने घरी तोडू नयेत. दात उभा चिरतो, मुळाशी पू होतो. ते डॉक्टरांनी यंत्राने घासायचे असतात.

पडक्या कानांच्या सशांना सध्या मोठी मागणी आहे. त्यातला हॉलंड लॉप हा सर्वांत छोटा, जास्तीत जास्त पावणेदोन-दोन किलोचा. नेदरलँड्समध्ये आद्रियान द कॉक यांनी 1949 पासून संकर करत तो घडवला आणि 1964 मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली. मिनी लॉप त्याहून मोठा, तीन किलोच्या आत-बाहेर. फ्रेंच लॉप पाच किलोच्या पुढे जातो. इंग्लिश लॉपचे कान इतके लांब की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या मीटरहून जास्त भरतात. स्वतःच्याच नखांनी ते फाटतात. लॉप पिल्लांचे कान जन्मतः पडके नसतात. चौथ्या आठवड्यापासून ते हळूहळू खाली येतात, काहींचे तीन महिन्यांपर्यंत अर्धवटच राहतात. म्हणून महिन्याभराच्या पिल्लाला ‘लॉप आहे, पडतील कान’ असे कोणी सांगितले तर आई-बाप पाहिल्याशिवाय मान डोलावू नये.

लॉप साधारणपणे निवांत असतात, मांडीजवळ येऊन बसतात, हे खरे. पण त्यांच्या कानाची नळी बुडाशी दुमडलेली आणि अरुंद असते. उभ्या कानातला मळ आपोआप बाहेर येतो, पडक्या कानातला साचतो. त्यातून संसर्ग, कानाच्या बुडाशी गाठ, पुढे डोके तिरके होणे अशी साखळी सुरू होते. ती बाहेरून लवकर दिसत नाही, कारण ससा दुखणे लपवतो. आठवड्यातून एकदा कान उचलून टॉर्चने आत पाहा आणि वास घ्या. फिकट पिवळा मळ थोडा असेल तर चालतो. दाट पांढरा लगदा, घाण वास, कानाच्या बुडाशी बोट लावले की अंग चोरणे, वारंवार डोके झटकणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टर. कापसाची काडी आत घालू नये. मळ आणखी खाली ढकलला जातो. कानात तपकिरी पापुद्र्यांचे थर दिसले तर ते सूक्ष्म किड्यांमुळे असतात. ते खरवडून काढू नयेत, खाली कातडी उघडी असते. औषध दिल्यावर ते आपोआप गळतात.

आता लायनहेड आणि अंगोरा, ज्यांच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले.

लायनहेड मूळचा बेल्जियमचा. वजन दीड किलोच्या आसपास. आयाळीचा गुण प्रभावी असल्यामुळे साध्या सशाशी संकर केला तरी काही पिल्लांना आयाळ येते. म्हणूनच बाजारात तो इतका दिसतो. आयाळीचे एकच जनुक आले असेल तर आयाळ विरळ असते आणि वयाबरोबर बरीच झडते. आई आणि बाप दोघांकडूनही आले तर मानेभोवती भरगच्च झुपका आणि कमरेजवळही लांब केस. पहिल्या प्रकाराला आठवड्यातून दोनदा विंचरले तरी पुरते. दुसऱ्याला एक दिवसाआड, आणि केस गळतीच्या दिवसांत रोज. स्वभावाने तो चुणचुणीत, पण पटकन दचकणारा. गोंगाटाच्या घरात तो कपाटाखालीच राहील.

अंगोराची लोकर अंगभर असते: पाठ, पोट, बगला, सगळीकडे. इंग्लिश अंगोराच्या चेहऱ्यावर आणि कानांच्या टोकांवरही झुपके असतात. फ्रेंच अंगोराचे डोके मात्र साध्या सशासारखे आखूड केसांचे. लोकर महिन्याला जवळजवळ अडीच सेंटिमीटर वाढते आणि दर अडीच-तीन महिन्यांनी कापावीच लागते. गंमत म्हणजे स्वभावात अंगोरा सर्वांत शांत जातींपैकी. पिढ्यानपिढ्या कातरणी आणि विंचरणी सहन करणारेच ससे पैदाशीला ठेवले गेले, त्याचा तो परिणाम. पण महाराष्ट्रात शहरातल्या घरी अंगोरा पाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भारतात अंगोरावर काम करणारे केंद्र कुल्लू जिल्ह्यातल्या गडसा इथे आहे, ते काही उगाच नाही. सशाला 15 ते 20 अंश तापमान मानवते. 28-30 अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा तर सोडाच, मुंबईच्या दमट ऑक्टोबरमध्येही लोकरीखालची कातडी ओलसर राहते, जटा बनतात, त्याखाली बुरशी येते.

ज्यांच्याकडे आधीच अंगोरा किंवा दाट लायनहेड आहे, त्यांच्यासाठी विंचरण्याची रीत सविस्तर देतो. टेबलावर गोणपाट किंवा रबरी मॅट घाला, गुळगुळीत पृष्ठभागावर ससा घसरतो आणि बिथरतो. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ घेऊ नका. केस वरवर विंचरले की वरून छान दिसतात आणि आत जटा तशाच राहतात. म्हणून हाताने केसांचा थर वर धरून खालून सुरुवात करा, एकेक थर सोडत वर या. आधी रुंद दातांचा कंगवा, मग बारीक तारांचा ब्रश अगदी हलक्या हाताने. शेवटी हनुवटीखाली आणि कानामागे आपली जुनी उवांची फणी उत्तम चालते. जटा नेहमी पाच जागी बनतात: कानामागे, हनुवटीखाली, बगलेत, मांड्यांच्या आत आणि शेपटीखाली. जट सापडली की तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून बोटांनी उकला. कात्री लावू नका. सशाची कातडी कागदाइतकी पातळ असते. जटेबरोबर ती वर उचलली जाते आणि कात्रीत केसांसोबत कातडीही येते. असे फाटलेले ससे टाके घालायला येतात. उकलत नसेल तर बारीक ब्लेडचा ट्रिमर कातडीला समांतर धरून चालवावा. मैदानी भागात अंगोराची लोकर वर्षभर दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवलेली बरी. दिसायला तो तेव्हा अंगोरा वाटत नाही. त्याची सशाला पर्वा नसते.

अंघोळ कोणत्याच जातीला घालायची नाही. भिजलेला ससा लवकर थंड पडतो आणि भीतीने त्याचे हृदय बंद पडू शकते. शेपटीखाली घाण झाली तर तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. पावसाळ्यात हे रोज तपासायलाच हवे. लांब केसांच्या किंवा लठ्ठ सशाच्या ओल्या मागच्या भागावर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात.

केस विंचरण्यामागे सौंदर्याहून मोठे कारण आहे. ससा स्वतःला चाटून साफ करतो आणि गळालेले केस गिळतो. मांजरासारखी उलटी त्याला करता येत नाही. आतडे चालू असेल तर केस लेंड्यांतून निघून जातात. तंतुमय चारा कमी पडून आतडे मंदावले की त्यांचा पोटात वाळून गोळा होतो. लेंड्या लहान होऊ लागल्या, केसाने एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर इशारा समजावा. दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही तर ती तातडीची वेळ आहे, उद्याची वाट बघू नये. म्हणून आहारात चार पंचमांश वाटा गवताचा: हरळी, मारवेल, किंवा वाळलेले टिमोथी. लसूणघास पिल्लांना चालतो, पण मोठ्या सशाला रोज दिला तर कॅल्शियममुळे लघवीत गाळ साठतो. कोवळी ज्वारी देऊ नये, तिच्यात विषारी घटक असतो. गाजर म्हणजे गोड खाऊ, दिवसाला एखादी चकती. पोळी, बिस्किट, ब्रेड अजिबात नाही.

रेक्स ही जात आपल्याकडे कमी दिसते. 1919 मध्ये फ्रान्समध्ये एका उत्परिवर्तनातून ती मिळाली. केस सगळे एकाच उंचीचे, दीड सेंटिमीटरच्या आसपास, उभे आणि मखमली. मिशा आखूड आणि कुरळ्या. स्वभाव शांत, माणसाळलेला. विंचरण्याचे काम जवळजवळ नाहीच, ओला हात फिरवला तरी सुटे केस निघतात. पण तळपायावरही केस तितकेच आखूड. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, केसच गादीचे काम करतात. तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या रेक्सच्या टाचा महिन्या-दोन महिन्यांत सोलवटतात, मग जखम हाडापर्यंत जाते. त्याला सतरंजी, गोणपाट किंवा गवताचा जाड थर हवा. तारेचा तळ खरे तर कुठल्याच सशाला नको.

डच म्हणजे तोंडावर पांढरा पट्टा, पुढचे अर्धे अंग पांढरे, मागचे काळे किंवा करडे. दोन किलोच्या आसपास, उत्साही, मुलांशी जुळवून घेणारा, आखूड केसांचा. मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. मात्र बाजारात कोणत्याही काळ्या-पांढऱ्या संकराला डच म्हणतात. फ्लेमिश जायंट सहा किलोच्या पुढे जातो, अतिशय सौम्य असतो, पण त्याला खोली लागते, पिंजरा नाही, आणि आयुष्य लहान जातींपेक्षा कमी.

स्वभावाबद्दल जातीपेक्षा महत्त्वाचे दोन मुद्दे. पहिला, वयात आल्यावर नर लघवीचे फवारे मारतो आणि मादी पिंजऱ्यात हात घातला की चावते. ‘अचानक बिघडला’ म्हणून सोडून दिलेले बहुतेक ससे याच वयाचे असतात. नराची नसबंदी चार-पाच महिन्यांनी, मादीची सहा महिन्यांच्या सुमारास करून घ्यावी. मादीत न केल्यास वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचे नसते. कोणी रात्रभर उपाशी ठेवा म्हटले तर त्या डॉक्टरला सशांची सवय नाही असे समजावे. भावा-बहिणींची जोडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, गर्भकाळ अवघा 31 दिवसांचा असतो. दुसरा मुद्दा उचलण्याचा. कानाला धरून कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्यांखाली, आणि अंगाशी टेकवून. मागचे पाय लोंबते राहिले तर ससा जोराने झटका देतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो.

नखे एकूण अठरा: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. चार ते सहा आठवड्यांनी कापावीत. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे कापायचे. काळ्या नखामागे टॉर्च धरली की शीर दिसते. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पिसवा-गोचिडांसाठी कुत्र्यांचे फिप्रोनिलचे थेंब सशाला टाकू नयेत, त्याने ससे मरतात.

उन्हाळ्यात सशाला घरातल्या सर्वांत थंड खोलीत, शहाबादी फरशीवर ठेवावे. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. तोंड उघडून श्वास घेत असेल, नाक ओले असेल, कान तापले असतील, तर कान साध्या पाण्याने ओले करून थेट दवाखाना. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये, परीक्षा संपल्याच्या आनंदात, ससा घेऊच नये. घ्यायचाच तर नोव्हेंबर ते जानेवारी.

रानात दिसणारा ससा वेगळा प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. शेतात ‘एकटे सापडलेले’ पिल्लू उचलून आणू नये. त्याची आई दिवसा त्याच्यापासून लांबच असते. आणि दुकानातून घेताना 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार असलेली नोंदणी पाहायला मागावी, पिल्लाचे वय लिहिलेली पावती घ्यावी. पावतीवर ‘अंगोरा’ लिहिले असेल तर पोटावरचे केस पाहून मगच पैसे द्यावेत.

आपले,
काही ससेपालक आणि लहान प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक, पुणे